आयटीचं नियर मिस रजिस्टर: कंपनीतलं सिक्युरिटी कल्चर कसं मोजायचं आणि कसं सुधारायचं

तीन-चार वर्षं झाली असतील. मे महिना, मी तेव्हा नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात आयटी बघत होतो. अकाउंट्समधल्या एका ताईंना जुन्या सप्लायरच्या नावाने मेल आला, आमचं बँक खातं बदललंय, सोबतची फाइल बघा. फाइल उघडायला ऑफिसचा मेल आयडी आणि पासवर्ड मागितला, त्यांनी टाकला, फाइल काही उघडली नाही. दोन मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी गडबड झाली. आयटीला मात्र कळलं चौथ्या दिवशी, तेही दुसऱ्या एका सप्लायरचा फोन आला म्हणून, की तुमच्याकडून आम्हाला भलतेच मेल येऊन राहिले.

मी विचारलं, "ताई, लगेच का नाही सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "सर, मागच्या वर्षी स्टोअरवाल्या भाऊंनी सांगितलं होतं ना, तर सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये त्यांचं नाव घेतलं. मला वाटलं पासवर्ड बदलून टाकते, होऊन जाईल नीट."

पासवर्ड त्यांनी खरंच बदलला होता, पण तोपर्यंत मेलबॉक्समध्ये कोणीतरी फॉरवर्डिंगचा रूल लावून ठेवला होता, पासवर्ड बदलल्यावरही प्रत्येक मेलची कॉपी बाहेर जातच राहिली. आणि आमच्या एक्सेल शीटमध्ये या ताईंच्या नावापुढे काय होतं? सिक्युरिटी ट्रेनिंग पूर्ण, क्विझमध्ये पैकीच्या पैकी. म्हणजे आम्ही जे मोजत होतो त्याचा आणि जे घडलं त्याचा काही संबंधच नव्हता.

त्याच कारखान्यात सेफ्टी ऑफिसरच्या केबिनबाहेर नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर टांगलेलं असायचं. क्रेनचा हुक कोणाच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेला, फोर्कलिफ्ट वळताना माणूस थोडक्यात वाचला, की त्यात नोंद. आणि ज्या डिपार्टमेंटमधून महिनाभर एकही नोंद येत नाही तिथे सेफ्टीवाले मुद्दाम चक्कर मारायचे, कारण शॉप फ्लोअरवर महिनाभर काहीच झालं नाही असं होत नाही, तिथे कोणी सांगून नाही राहिलं एवढाच त्याचा अर्थ. सेफ्टी कल्चर हा शब्दसुद्धा १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञ गटाच्या अहवालातून पसरलाय, त्यामुळे आपल्या आयटीवाल्यांच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी हे काम करून राहिली आहेत. खाली जे लिहितोय ते सगळं त्या रजिस्टरवरून सुचलेलं आहे. शंभर-दीडशे ते हजार लोकांच्या कंपनीला चालेल असं आहे, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

आधी नक्की काय मोजायचं ते ठरवा

संस्थांचा अभ्यास करणारे एडगर शाइन यांनी संस्थेच्या कल्चरचे तीन थर सांगितलेत. डोळ्याला दिसतं ते, तोंडाने सांगितलं जातं ते, आणि मनात गृहीत धरलेलं असतं ते. लिफ्टजवळचं पोस्टर पहिल्या थरात, सही केलेली पॉलिसी दुसऱ्या थरात, आणि "सांगितलं तर आपलंच नाव खराब होते" हे तिसऱ्या थरात. बहुतेक कंपन्या पहिले दोन मोजून थांबतात कारण ते सोपं आहे. तिसरा थर थेट दिसत नाही, म्हणून तो तीन-चार वेगवेगळ्या बाजूंनी चाचपावा लागतो: लोकं काय म्हणतात, प्रत्यक्ष काय करतात, आणि चूक झाल्यावर किती वेळात तोंड उघडतात. यातलं एकच घेतलं तर फसाल.

पायरी १: मालकाकडून एक लेखी शब्द घ्या

हे झाल्याशिवाय पुढचं काहीच सुरू करू नका, सर्व्हेसुद्धा नाही. एमडी किंवा मालकाच्या सहीने अर्ध्या पानाचं पत्र पाहिजे, मराठीत आणि हिंदीत, कारण आपल्या नागपुरात फ्लोअरवर दोन्ही चालतात. त्यात एवढंच: चुकून लिंक दाबली, पासवर्ड दिला, पेनड्राइव्ह लावला आणि स्वतःहून सांगितलं तर शिक्षा नाही, पगार-प्रमोशनवर परिणाम नाही, मीटिंगमध्ये नाव घेतलं जाणार नाही. मुद्दाम डेटा विकला, दुसऱ्याचा पासवर्ड चोरला, तर मात्र कारवाई होणार.

मधल्या केसेसचं काय, हा प्रश्न एचआर विचारणारच. शॉर्टकट मारला, नियम माहीत होता तरी पाळला नाही, अशा वेळी अपघातांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या मांडणीतली एक कसोटी फार कामाची आहे. त्याच कामाचा, तेवढ्याच अनुभवाचा दुसरा माणूस त्या खुर्चीत, त्या घाईत बसवला असता तर त्याने वेगळं काही केलं असतं का? उत्तर "बहुतेक नाही" असेल तर माणूस बदलून काही होत नाही, काम करायची पद्धत बदला.

मालक ऐकत नसतील तर कायद्याचं बोला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये, डेटा सांभाळायची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आता ज्या कंपनीत माणूस चार दिवस घाबरून गप्प बसतो, तिथे चोर चार दिवस आरामात आत बसलेला असतो आणि सहा तासांचं घड्याळ सुरू व्हायच्या आधीच सगळं हातातून गेलेलं असतं. हे साहेबांना बरोबर समजतं.

आणि आधी कोणाचं नाव सगळ्यांसमोर घेतलं गेलं असेल, तर ते चुकलं हेही सगळ्यांसमोरच सांगा. आमच्याकडे हे ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या कार्यक्रमात झालं, स्टोअरवाल्या भाऊंना स्टेजवर बोलावून. अशी गोष्ट पत्राने होत नाही, ती लोकांनी डोळ्याने बघावी लागते.

पायरी २: आठवडाभर नुसतं फिरा

हातात छोटी डायरी, नावं कोणाचीच लिहायची नाहीत, फक्त काय दिसलं आणि किती वेळा. गेटवर सकाळी अर्धा तास उभे राहा आणि कार्ड न लावता दुसऱ्याच्या मागून किती जण आत जातात ते मोजा. जेवणाच्या सुट्टीत उघड्या स्क्रीन मोजा. प्रिंटरच्या ट्रेमध्ये पडलेले सॅलरी स्लिप, कोटेशन मोजा. पासवर्डच्या चिठ्ठ्या कुठे कुठे चिकटवल्यात ते बघा.

पण आकड्यापेक्षा कारण महत्त्वाचं आहे, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. आमच्या डिस्पॅचच्या मागच्या दाराला कार्ड रीडर होता आणि मे महिन्यात ते दार रोज विटेने अडवून उघडं ठेवलेलं असायचं. पोस्टर लावलं, मेल टाकला, गार्डला झापलं, वीट परत यायचीच. शेवटी तिथल्या एका भाऊला विचारलं तर तो म्हणाला, "सर, पंचेचाळीस डिग्रीत दार बंद करून बसा तुम्ही एक घंटा. कूलरची हवा त्या दारातूनच येते ना." त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. आम्ही कूलर खिडकीत बसवून दिला, दुसऱ्या दिवसापासून वीट गायब.

वजनकाट्यावरही असंच. तीन शिफ्टचे ऑपरेटर एकाच लॉगिनवर, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला, कारण युजर बदलायला तो जुना कॉम्प्युटर पाच-सात मिनिटं खायचा आणि बाहेर ट्रकची लाइन लागायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिले. त्या माणसाला सिक्युरिटीचं महत्त्व समजावून काय होणार, त्याला फास्ट कॉम्प्युटर पाहिजे. डायरीत म्हणून दोन कॉलम ठेवा, काय दिसलं आणि का होतं. दुसरा कॉलम भरला नसेल तर ती नोंद अर्धवट समजा.

पायरी ३: सर्व्हे, पण छोटा आणि खरंच निनावी

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बनवलेली एचएआयएस-क्यू नावाची प्रश्नावली आहे, ६३ प्रश्नांची. पासवर्ड, ईमेल, इंटरनेट, सोशल मीडिया, मोबाइल, माहिती हाताळणं आणि घटना कळवणं असे सात विषय, आणि प्रत्येकात तीन गोष्टी तपासतात: माणसाला माहीत आहे का, त्याला ते पटतं का, आणि तो ते करतो का. हे तीन वेगळे धरणं हीच त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. आमच्या ताईंना माहीत होतं, पटलेलंही होतं, अडलं ते करण्यात.

६३ प्रश्न फ्लोअरवर कोणी भरत नाही. बारा-पंधरा पुरे. मी वापरतो त्यातले काही देतो, "अजिबात पटत नाही" पासून "पूर्ण पटतं" पर्यंत पाच पर्याय ठेवायचे आणि "माहीत नाही" हा सहावा:

– माझ्याकडून चुकून काही झालं तर कोणाला फोन करायचा ते मला आत्ता न शोधता सांगता येईल.
– चूक सांगितली तर माझ्यावर राग निघणार नाही असं मला वाटतं.
– माझ्या डिपार्टमेंटमधले लोक चूक झाली तर लगेच सांगतात.
– साहेबांच्या नावाने अर्जंट पेमेंटचा मेसेज आला तर मी थांबवून फोनवर खात्री करू शकतो.
– काम वेळेत संपवायला कधीकधी सिक्युरिटीचा नियम बाजूला ठेवावाच लागतो.
– माझे सुपरवायझर स्वतः हे नियम पाळतात.
– मागच्या वेळी मी आयटीला काही सांगितलं तेव्हा मला उत्तर मिळालं.

पाचवा प्रश्न मुद्दाम उलटा आहे, डोळे मिटून सगळीकडे "पूर्ण पटतं" वर टिक करणारे त्यात सापडतात. तिसरा "माझ्या डिपार्टमेंटमधले लोक" असा का, तर स्वतःबद्दल सगळेच चांगलं सांगतात, शेजाऱ्याबद्दल खरं सांगतात. एखाद्या डिपार्टमेंटमध्ये "मी लगेच सांगेन" ला सगळे हो आणि "बाकीचे सांगतात" ला निम्मेच हो, तर दुसरा आकडा खरा धरा.

निनावी म्हणजे खरंच निनावी. गुगल फॉर्मवर मेल आयडी गोळा करायची सेटिंग बंद करा, आणि ती बंद आहे हे लोकांना दाखवा. दहापेक्षा कमी लोकांच्या डिपार्टमेंटचा निकाल वेगळा काढूच नका, दुसऱ्यात मिळवा, नाहीतर चार जणांच्या खरेदी विभागात कोणी काय लिहिलं हे साहेब पाच मिनिटांत ओळखतात आणि तुमचा पुढचा सर्व्हे संपला. फ्लोअरसाठी कागदाची चिठ्ठी आणि कुलूपबंद पेटी, कॅन्टीनजवळ. कंत्राटी कामगार, गार्ड, हाउसकीपिंग यांनाही द्या, सगळी दारं त्यांच्या हातात असतात आणि त्यांनाच कोणी विचारत नाही.

निकाल बघताना सरासरीवर जाऊ नका. सगळ्या कंपनीची सरासरी साडेतीन आली यातून काहीच कळत नाही. डिस्पॅच आणि अकाउंट्समध्ये किती फरक आहे, सुपरवायझर आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांच्या उत्तरांत किती फरक आहे, "माहीत नाही" कुठे जास्त आलं, हे बघा. वरच्यांना सगळं छान वाटतं आणि खालच्यांना नाही, हे चित्र फार ठिकाणी दिसतं.

पायरी ४: दहा-बारा जणांशी चहा

वेगवेगळ्या विभागातले, वेगवेगळ्या वयाचे. वीस मिनिटं, केबिनमध्ये नाही, कॅन्टीनमध्ये किंवा बाहेर टपरीवर. प्रश्न एकच पुरतो, "मागच्या वेळी काहीतरी विचित्र दिसलं तेव्हा तुम्ही काय केलं?" काय कराल असं विचारू नका, त्याचं उत्तर पुस्तकी येतं. स्टाफ बसमध्ये सीताबर्डीपासून बुटीबोरीपर्यंत जे ऐकायला मिळतं तेही या पायरीतच धरा, फक्त ते कोणाच्या नावाने वर पोचवायचं नाही, कधीच नाही.

पायरी ५: फिशिंग टेस्ट, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं

खोटा मेल पाठवायचा आणि किती जणांनी क्लिक केलं ते मोजायचं, हे सगळेच करतात. अडचण अशी की क्लिकचा आकडा मेल किती अवघड बनवला त्यावर हलतो. सोपा मेल पाठवला की आकडा खाली, बोर्डाला दाखवायला छान. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने यासाठीच फिश स्केल बनवलं, मेलमध्ये ओळखता येतील अशा खुणा किती आणि तो मेल त्या माणसाच्या रोजच्या कामाशी किती जुळतो, या दोन गोष्टींवरून अवघडपणा ठरवायचा. डिस्पॅचला ई-वे बिलचा मेल म्हणजे अवघड, तोच मेल एचआरला सोपा. प्रत्येक टेस्टपुढे सोपा, मध्यम, अवघड हे लिहून ठेवा आणि तुलना सारख्याशी सारख्याचीच करा.

दुसरं, क्लिक शून्यावर येत नाही, येणारही नाही. अमेरिकेतल्या व्हेरायझन या टेलिकॉम कंपनीच्या २०२४ च्या अहवालात आहे की मेल उघडल्यापासून लिंकवर क्लिक व्हायला मध्यक वेळ (म्हणजे निम्मे लोक याच्या आतच) २१ सेकंद, आणि पुढे माहिती भरायला अजून २८ सेकंद. मिनिटाच्या आत खेळ खलास. त्याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: टेस्टमध्ये क्लिक केलेल्यांपैकी ११ टक्के लोकांनी स्वतःहून कळवलंसुद्धा. हे ११ टक्के म्हणजे सोनं आहे भाऊ, चूक झाली हे माहीत असून फोन उचलणारी माणसं, आपल्या कंपनीत हा आकडा किती आहे आणि तो कसा वाढेल हेच मी सगळ्यात आधी बघतो.

क्लिक केल्या केल्या समोर येणाऱ्या ट्रेनिंगच्या पानावरही फार भरवसा ठेवू नका. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठाच्या हॉस्पिटल व्यवस्थेत १९,५०० हून जास्त कर्मचाऱ्यांवर आठ महिने अभ्यास झाला, ट्रेनिंग मिळालेल्या आणि न मिळालेल्या लोकांच्या चुकण्यात सरासरी फरक निघाला १.७ टक्के. त्याआधी झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने १४,००० हून जास्त कर्मचाऱ्यांवर १५ महिने केलेल्या अभ्यासातही अशा ट्रेनिंगचा फायदा दिसला नाही, पण कर्मचाऱ्यांनी संशयास्पद मेल कळवणं मात्र चांगलं कामी आलं आणि लोकं कंटाळलीही नाहीत. मला त्या अभ्यासातून हेच घ्यावंसं वाटतं.

तर मोजा हे चार: किती जणांनी कळवलं, पहिला रिपोर्ट किती मिनिटांत आला, क्लिक केलेल्यांपैकी किती जणांनी कळवलं, आणि मग क्लिक. समजा १२० लोकांना मेल गेला, १८ जणांनी क्लिक केलं, ३० जणांनी कळवलं, पहिला रिपोर्ट चाळीस मिनिटांनी, आणि १८ पैकी २ जण स्वतः आले. सहा महिन्यांनी तेवढाच अवघड मेल, क्लिक २०, कळवणारे ५२, पहिला रिपोर्ट चार मिनिटांत, २० पैकी ९ जण स्वतः आले. क्लिक वाढले म्हणून हे खराब म्हणायचं का? खरा हल्ला असता तर चौथ्या मिनिटाला मी तो मेल सगळ्यांच्या इनबॉक्समधून काढून टाकला असता. हे गणित साहेबांसमोर फळ्यावर करून दाखवा.

काही बारीक गोष्टी. मेल गेटवेचा, म्हणजे येणारे मेल तपासणारा, स्कॅनर लिंका आपोआप उघडून बघतो आणि ते क्लिक म्हणून मोजलं जातं, आधी स्वतःच्या चार-पाच आयडींवर ट्राय करून घ्या नाहीतर बिचाऱ्या निर्दोष माणसाच्या नावावर क्लिक लागतं. वैयक्तिक मोबाइलवर किंवा व्हॉट्सअॅपवर टेस्ट पाठवू नका, तो त्यांचा फोन आहे. आणि पैशाच्या आशेवर टेस्ट करू नका. गोडॅडी कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये ६५० डॉलरच्या सुट्टीच्या बोनसचा खोटा मेल टेस्ट म्हणून पाठवला, जगभर टीका झाली आणि कंपनीला कर्मचाऱ्यांची माफी मागावी लागली. आपल्याकडे दिवाळी बोनस, पीएफ, पर्मनंट करण्याचं पत्र, या तीन विषयांना हात लावायचा नाही. त्यात फसलेला माणूस पुढच्या वेळी तुम्हाला काही सांगायला येईल असं वाटतं का?

पायरी ६: जे आकडे आधीच पडून आहेत ते उचला

यावर वेळ घालवू नका, एका दिवसाचं काम. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा शेवटचा दिवस आणि त्याचं लॉगिन बंद झालं तो दिवस, यातलं अंतर किती. एकाच लॉगिनवर किती जण. टू-स्टेप व्हेरिफिकेशन किती खात्यांवर आहे. हेल्पडेस्कवर "हे मेल बरोबर आहे का" असं विचारणारे फोन महिन्याला किती. हा शेवटचा आकडा वाढला की मला बरं वाटतं.

पायरी ७: सगळं एका पानावर

एका बाजूला डिपार्टमेंट, वर पाच-सहा मोजमापं, लाल-पिवळा-हिरवा. एकच मार्क काढायचा मोह टाळा, "आमचं कल्चर ७२ टक्के" असं कोणी म्हणालं की त्या ७२ चे ७५ कसे करायचे एवढंच सुरू होतं. या आकड्यांवर कोणाचं इन्क्रिमेंटही लावू नका. फिशिंग टेस्टचा निकाल इन्क्रिमेंटला जोडला की टेस्ट आली रे आली, व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरणार, आणि निकाल एकदम भारी येणार.

हे पान लोकांनाही दाखवा, कॅन्टीनच्या बोर्डावर, तुम्ही हे सांगितलं आणि त्यातलं हे आम्ही करून राहिलो असं लिहून.

पायरी ८: सुधारणा, आणि ट्रेनिंग सगळ्यात शेवटी

पहिले सांगायचा रस्ता सोपा करा. मेलमध्ये एक बटण, आणि एक फोन नंबर जो शिफ्टमध्ये कोणीतरी उचलतोच. तो नंबर आयडी कार्डच्या मागे छापा. तिकीट काढा, फॉर्म भरा, कॅटेगरी निवडा असलं काही नको. कोणी कळवलं की पंधरा-वीस मिनिटांत माणसाने लिहिलेलं उत्तर गेलं पाहिजे, "ताई, बरं झालं सांगितलं, हा मेल खोटाच होता, अजून सात जणांना आला होता, काढून टाकला." मेल खरा निघाला तरी तेवढ्याच आपुलकीने सांगायचं. उत्तर नाही आलं तर माणूस दोनदा कळवतो, तिसऱ्यांदा नाही.

मग डायरीचा दुसरा कॉलम काढा आणि एकेक कारण मारत चला. कूलर, वजनकाट्याचा कॉम्प्युटर, असंच. दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलायला लावत असाल तर लोकं नागपूर१, नागपूर२ करत जाणारच. एनआयएसटीने २०१७ पासूनच सांगितलंय की लीक झाल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका. तुमच्या ऑडिटरशी बोलून हे सोडवा, आणि पासवर्ड मॅनेजर व टू-स्टेप द्या.

यानंतर साहेबांचं वागणं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच आहे. साहेब स्वतः रात्री नऊला अकाउंट्सला मेसेज टाकतात, "अर्जंट, आत्ता पेमेंट करा, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका." म्हणजे साहेबांनीच लोकांना चोराची भाषा ऐकायची सवय लावून ठेवली ना. अरूप या इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसमधली घटना २०२४ मध्ये उघड झाली, व्हिडिओ कॉलवर डीपफेकने बनवलेले खोटे वरिष्ठ बघून कर्मचाऱ्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. चेहरा आणि आवाज यांच्यावर आता भागत नाही. नियम साधा करा: नवीन खातं किंवा बदललेलं खातं असेल, किंवा ठरलेल्या रकमेच्या वर असेल, तर जुन्या फाइलमधल्या नंबरवर फोन करून खात्री, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. हा नियम साहेबांनाही लागू. आणि साहेबांनी सगळ्यांसमोर सांगायचं की मला थांबवलं तर मी रागावणार नाही, आणि कोणी खरंच थांबवलं की त्या दिवशी रागवायचं नाही, कितीही घाई असली तरी. एकदा जरी ओरडले तर पाटी कोरी झाली, परत पहिल्यापासून.

फ्लोअरवर शिफ्ट सुरू होताना टूलबॉक्स टॉक, म्हणजे सेफ्टीची छोटी बैठक, होतोच, त्यातली तीन मिनिटं महिन्यातून दोनदा मागून घ्या. सुपरवायझरने बोलायचं, आयटीने नाही, कारण लोकं सुपरवायझरचं ऐकतात. विषय त्यांच्या घरातला घ्या, लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप टाकणारी), आरटीओ चलानची एपीके, डिजिटल अरेस्टचा फोन. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत हे घरी आईबाबांनाही सांगा म्हणावं. जो माणूस घरचे पैसे वाचवायला शिकतो तो कंपनीच्या कॉम्प्युटरवरही सावध राहतो, आणि मुख्य म्हणजे त्याला वाटतं हे आपल्यासाठी चाललंय.

ट्रेनिंग आता. तासभराचं वार्षिक लेक्चर ठेवायचं तर ठेवा, ऑडिटला लागतं. पण जास्त वेळ अकाउंट्स, खरेदी, एचआर आणि सर्व्हरचे अॅडमिन यांना द्या, वेगवेगळं, त्यांच्या खऱ्या मेलवरून उदाहरणं काढून.

पायरी ९: रजिस्टर सुरू करा आणि एकदा ड्रिल घ्या

रजिस्टरमध्ये तारीख, डिपार्टमेंट, काय झालं, किती वेळात कळलं, आपण काय बदललं. नाव नाही.

ड्रिल म्हणजे दुपारी तीनला अकाउंट्समध्ये जाऊन सांगायचं, समजा आत्ता तुमचा पासवर्ड गेला, चला, काय करता. घड्याळ लावा. आयटीनेही स्वतःची यादी पाठ करायची: सगळी चालू सेशन्स बंद करा, पासवर्ड बदला, फॉरवर्डिंग आणि इनबॉक्सचे रूल तपासा, टू-स्टेपमध्ये कोणाचा अनोळखी फोन जोडलाय का बघा, तिथून बाहेर गेलेले मेल बघा आणि ज्यांना गेले त्यांना फोन करा. मशीनवर रॅन्समवेअरसारखं (फाइली लॉक करून पैसे मागणारं) काही दिसलं तर नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, आणि बंद-चालू करत बसू नका, आयटीला येऊ द्या. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच, दुसऱ्या दिवशी नाही, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी अडवता आले तरच उपयोग. सर्ट-इनला कोण कळवणार त्याचं नाव आणि त्याच्या सुट्टीत कोण, हे आधीच लिहून ठेवा.

पायरी १०: परत मोजा

सहा महिन्यांनी. मार्च एंडिंग आणि दिवाळीचा आठवडा सोडून, आणि दोन्ही वेळी साधारण सारखाच कामाचा ताण असेल असा महिना धरून. प्रश्नांचे शब्द तेच ठेवा, एक शब्द बदलला तरी तुलना गेली. पहिल्या वेळी घटनांचा आकडा वाढलेला दिसेल, बहुतेक दुप्पट-तिप्पट, कारण आधी जे दबलेलं होतं ते वर येतंय. साहेबांना हे सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर ते म्हणतील एवढं करून घटना वाढल्या कशा. त्यांना पहिला रिपोर्ट किती मिनिटांत आला तो कॉलम दाखवा.

आणि रजिस्टरमध्ये ज्या डिपार्टमेंटपुढे सहा महिने शून्य असेल ते नाव वेगळं काढा. तिथे मेल टाकू नका, मीटिंग बोलवू नका. चार वाजता चहा येतो तेव्हा जाऊन बसा, दोन-तीन दिवस, आणि पहिले दोन दिवस सिक्युरिटीचं काही विचारूच नका.